बेलासारखं एकच पान

प्रश्न : मुलुंडला पाचव्या मजल्यावर राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून खिडकीच्या ग्रिलमधली बाग हाच उद्योग. ऑनलाइन मागवलेलं जिनसेंग या औषधी मुळीच्या झाडाचं बी ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं होतं (त्यावरून सौ.चं पुष्कळ ऐकून घेतलं). चौदांपैकी पाच उगवली. दोन महिने झाले, प्रत्येकाला तीनच पानं आहेत, चौथं येत नाही. मार्च लागल्यापासून कडा करपतायत, त्याही एकाच बाजूच्या. दिवसातून तीनदा पाणी घालतो, चिमूटभर युरियाही दिला. ग्रिल पश्चिमेला आहे, पण हिरवी जाळी लावलीय. खाली चौथ्या मजल्याच्या एसीचा डबा आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : चौदांतली पाच उगवली हेच मला कौतुकाचं वाटतं. झाडावरून पडलेलं जिनसेंगचं बी उगवायला साधारण दीड वर्ष घेतं, आणि मधे त्याला थंडी लागतेच. मुंबईत ती फ्रिजमध्येच मिळणार. सौ.ना हे सांगून ठेवा, कारण फ्रिज पुन्हा लागणार आहे.

चौथ्या पानाची वाट पाहू नका. नीट बघितलंत तर पानं तीन नाहीतच. देठ एक, त्यावर बेलासारखं त्रिदल, म्हणजे पान एकच. पहिल्या वर्षी जिनसेंग एवढंच देतं. तुळशीचा शेंडा खुडला की चार फांद्या फुटतात, तसला उदारपणा याच्याकडे नाही. हे पान गेलं की त्या हंगामात दुसरं येत नाही. ते जितके दिवस हिरवं राहील तितकी खालची मुळी भरते, म्हणून आता जे करायचं ते या एका पानासाठी.

‘एकाच बाजूच्या’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. उन्हाने करपलं असतं तर वरून करपलं असतं. तुमच्या रोपांना भाजतोय तो खालचा एसी. मुंबईची हवा एरवी दमट. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून वारे सुटतात, खारा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही आणि पारा 38-40 ला टेकतो, त्याच दिवसांत काय ती कोरडी होते. त्यात तुमच्या ग्रिलमध्ये खालून तासन्‌तास गरम फुंकर. हे झाड कोरियातल्या डोंगरांवरचं, त्याचं अमेरिकेतलं भावंड मेपलच्या दाट रानातलं. शेतकरीसुद्धा वाफ्यांवर छप्पर घालून सत्तर-ऐंशी टक्के सावली देतात. तुमची जाळी उजेड अडवते हो, पण पश्चिमेच्या भिंतीची धग आणि एसीचा झोत कसा अडवणार? कुंड्या आजच्या आज घरात घ्या. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी असेल तर तिच्यापासून दोन-तीन फूट आत ठेवा. छताचा पंखा मंद चालला तर चांगलंच. तुमच्या स्वतःच्या एसीचा वाराही अंगावर नको, तो गार असला तरी कोरडाच.

आता पाणी. इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तरी भाचीने दिलेली नऊ रोपं मी एका एप्रिलमध्ये पाणी घालून मारली. दुपारी पान मलूल दिसायचं, मी तांब्या घेऊन धावायचे. मलूल व्हायचं उकाड्याने, माती ओलीच असायची. आठवडाभराने कुंडी उपडी केली तर मुळ्या शेवयांसारख्या मऊ. तेव्हा बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. दुपारी नळाचं पाणी मुळीच नको. गच्चीवरची टाकी तापलेली असते, हात धुताना चटका बसतो ते पाणी मुळांना कसं सोसेल? सकाळी बादली भरून सावलीत ठेवा.

नर्सरीतली लाल माती तशीच भरली असेल तर ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते. पण या उन्हाळ्यात कुंडी बदलू नका, मुळी दुखावली तर सगळंच संपलं. मातीवर बोटभर पाचोळा पसरा. सोसायटीत पर्जन्यवृक्ष असेल तर त्याची बारीक पानं उत्तम. देशी बदामाची पानं आधी चुरा, अख्खी घातलीत तर झाकण बसल्यासारखी बसतात. देठाभोवती थोडी जागा मोकळी सोडा.

कोरड्या दिवसांसाठी एक युक्ती : मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या फटीत वाळू भरायची आणि पाणी त्या वाळूला द्यायचं. माठासारखं चालतं. मात्र मार्चपुरतंच. मेमध्ये आपल्याकडे माठातलं पाणीही गार होत नाही, ही जुनी तक्रार आहेच, तेव्हा वाळू नुसती ओली राहून बुरशी पोसेल. त्या सुमारास वाळूला पाणी देणं बंद करा, कुंडीला मात्र बोट घालून बघून देत राहा.

युरिया पुन्हा देऊ नका. रानातलं हे झाड पानांच्या कुजलेल्या थरावर जगतं.

आणि तरीही एखादं पान वाळून गळालं तर कुंडी फेकू नका. लोक इथेच चुकतात. मुळीच्या मानेवर पुढच्या वर्षीचा डोळा तयार झालेला असू शकतो. अलगद उकरून बघा. मुळी टणक असेल तर ओलसर शेवाळात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून भाज्यांच्या कप्प्यात तीन-चार महिने ठेवा. शेजारी सफरचंद, चिकू नकोत, पिकणाऱ्या फळांचा वायू डोळ्याला बाधतो. मऊ लागली, वास आला, तर मात्र तिचं झालं.

जूनमध्ये मला पुन्हा लिहा. पावसाळी दमटपणात कोवळी रोपं एका रात्रीत आडवी होतात, ते दुखणं वेगळं आहे.

प्रश्न : दादरच्या नर्सरीतून ‘जिनसेंग बोन्साय’ आणलं. बुंधा मुळ्यासारखा जाडजूड आहे. काढा करता येईल का?
– एक वाचिका, माटुंगा

उत्तर : नका करू. ते नांद्रुक आहे, वडा-पिंपळाच्या कुळातलं. फुगलेली मुळं जिनसेंगसारखी दिसतात म्हणून ते नाव पडलं, बाकी नातं काही नाही. फांदी मोडली की पांढरा चीक येईल, तीच ओळख. तुम्हाला मात्र वरच्या काकांची कटकट नाही. उजेडात ठेवा, माती वरून सुकली की पाणी द्या, मुंबईचा उन्हाळा ते मजेत काढतं.