'आरोपी' कोण आणि 'कथित' काय?

अक्कलकोट रोडवर राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: "काका, भित्तिपत्रकासाठी मी एका नामांकित नटावर झालेल्या लैंगिक छळाच्या आरोपांची बातमी लिहिली. मी 'पीडिता' लिहिलं होतं, मैत्रिणीनं त्याचं 'कथित पीडिता' केलं. कुठलं बरोबर? आणि 'आरोपी' म्हणजे आरोप करणारा असं का नाही? आमच्या घरी तेलुगूत आरोपीला 'निंदितुडु' म्हणतात."

आधी 'आरोपी'. तुझी शंका रास्त आहे. वादी म्हणजे वाद मांडणारा, द्रोही म्हणजे द्रोह करणारा, मग आरोपी म्हणजे आरोप करणारा का नाही? संस्कृतातला हा 'इन्' प्रत्यय दोन्हीकडे चालतो. कधी तो करणारा दाखवतो, कधी ज्याच्याजवळ ती गोष्ट आहे तो दाखवतो: रोगी, धनी, दोषी. मराठीनं 'आरोपी' या दुसऱ्या रांगेत बसवला. 'आरोपित' हा शब्द जास्त नेमका झाला असता, पण तो रुळला नाही.

घोटाळा त्या रांगेमुळेच होतो. रोगी, दोषी, आरोपी असे शब्द ओळीनं कानावर पडले की आरोप हा त्या माणसाच्या अंगचाच गुण वाटायला लागतो. मुळात आरोप म्हणजे वर ठेवणं, चढवणं. वृक्षारोपणात आहे तोच धातू. म्हणजे कुणीतरी कुणावर तरी ठेवलेली गोष्ट. ती त्याची आहे की नाही हे ठरवायचं काम कोर्टाचं. आणि कोर्टानं ठरवल्यावरही शब्द कधी कधी माघारी येतो. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात दोषी ठरला. एप्रिल २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला, तेव्हा त्या खटल्यापुरता तो परत आरोपी झाला. जून २०२५ मध्ये फेरखटल्यात एका आरोपात पुन्हा दोषी ठरला, एका आरोपातून सुटला. 'आरोपी' आणि 'दोषी' यांतलं अंतर किती मोलाचं आहे ते अशा वेळी कळतं.

आपल्या सोलापुरात हे अंतर शिकायला लांब जावं लागत नाही. दखनी-उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे 'मुलज़िम' आणि 'मुजरिम' ही जोडी आहे. ज्याच्यावर इल्ज़ाम आहे तो मुलज़िम, ज्याचा जुर्म शाबीत झाला तो मुजरिम. गंमत म्हणजे अरबी व्याकरणानं पाहिलं तर 'मुलज़िम' म्हणजे इल्ज़ाम ठेवणारा. ज्याच्यावर ठेवला तो 'मुलज़म'. म्हणजे तुला पडलेला प्रश्न तिकडेही आहे! तुमच्या तेलुगूतला 'निंदितुडु' मराठी कानाला फार कडक वाटतो, कारण आमच्याकडे 'निंदित' म्हणजे ज्याची छी थू झाली तो. तेलुगूत मात्र त्याचा रोजच्या बातमीतला अर्थ निव्वळ 'आरोपी' एवढाच. तेव्हा शब्द सख्खे दिसले तरी त्यांची वजनं भाषेगणिक वेगळी असतात.

आता 'कथित'. कथित म्हणजे सांगितलेलं, बस्स. पण मराठीत हा शब्द 'तथाकथित'च्या सावलीत वाढला. 'तथाकथित समाजसेवक' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा समाजसेवक नव्हे. तीच आंबट चव 'कथित पीडिते'ला लागते. 'कथित अत्याचार' म्हणजे जो झाल्याचं सांगितलं जातंय तो अत्याचार. इथं शंका घटनेवर आहे आणि तपास होईतो ती असायला हरकत नाही. 'कथित पीडिता' म्हणताच शंका त्या बाईवर जाते. तुझ्या मैत्रिणीचा हेतू सावधपणाचा असणार, पण तिनं शब्द चुकीच्या खुंटीला टांगला.

बोलीत आपण 'कथित' कधी म्हणत नाही. आपण 'म्हणे' म्हणतो. "त्यानं म्हणे तिला खोलीत बोलावलं." हा 'म्हणे' फार हुशार शब्द आहे. तो बातमी पुढं सरकवतो आणि जबाबदारी झटकतो, आणि बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरतं की त्यात कुतूहल आहे की कुचेष्टा. सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर अशी बातमी निघाली की दहा मिनिटांत पाच 'म्हणे' ऐकू येतात आणि सहावं वाक्य ठरलेलं: "टाळी एका हातानं वाजते का ओ?" ही म्हण भांडणासाठी आहे, देवाणघेवाणीसाठी आहे. एकानं दुसऱ्यावर केलेल्या जबरदस्तीला ती लागूच होत नाही, कारण तिथं टाळी वाजतच नाही, थप्पड बसते. याउलट "आगीशिवाय धूर निघतो होय?" म्हणणाऱ्यांनाही माझं तेच सांगणं आहे. पुरावा पाहायच्या आधी दोघांनीही म्हणीवर निकाल दिलेला असतो.

छापील मराठीला 'कथित'ची गरजही नाही. "तिनं फिर्यादीत म्हटलं आहे" हे वाक्य धड आहे, खरं आहे, आणि ते कुणावरही चिखल उडवत नाही. 'फिर्याद' हा फारसी शब्द मी मनापासून जपतो. त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. फिर्यादी म्हणजे हाक मारणारी. 'तक्रार' अरबीतून आली. तिथं तिचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं, पुन्हा पुन्हा सांगणं. पोलीस ठाण्यात, मग दंडाधिकाऱ्यांपुढं, मग उलटतपासणीत तेच तेच सांगावं लागणाऱ्या बाईसाठी याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

'पीडिता' चूक नाही. कायद्यानं बलात्काराच्या गुन्ह्यात तिची ओळख छापता येत नाही (भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं २२८-अ), म्हणून हा शब्द तिच्या नावाच्या जागी येऊन बसला. कन्नडमध्ये 'संत्रस्ते', तुमच्याकडे 'बाधितुरालु'. पण खटला चालू असताना 'फिर्यादी' किंवा 'तक्रारदार' बरे, कारण तिनं काय केलं ते ते सांगतात. 'पीडिता' फक्त तिच्यावर काय गुदरलं तेवढंच सांगते.

मी इथल्या एका दैनिकात बरीच वर्षं मुद्रितं तपासली. चुका शुद्धलेखनाच्या शोधायच्या, एवढंच माझं काम होतं. त्या काळात माझ्या हाताखालून गेलेले मथळे आता आठवले की अस्वस्थ व्हायला होतं. एखाद्या विडी कामगार वस्तीतल्या किंवा यंत्रमागावरच्या माणसावर गुन्हा दाखल झाला की पहिल्याच दिवशी तो 'नराधम'. कोर्टाची तारीखही लागलेली नसे. आणि तोच आरोप पडद्यावरच्या माणसावर आला की तो 'वादाच्या भोवऱ्यात', त्याच्या 'अडचणीत वाढ', त्याच्याकडून 'गैरवर्तन'. बघ हं, भोवऱ्यात कोण सापडतो? पाण्यात उतरलेला बिचारा. अडचण कुणाला येते? ज्याचा दोष नाही त्याला. गैरवर्तन तर शाळेत मुलंही करतात. अनोळखी माणूस शिक्षेआधी राक्षस आणि ओळखीचा चेहरा तक्रारीनंतरही संकटग्रस्त: हे दोन्ही शब्दप्रयोग मी एकाच आठवड्यात एकाच पानावर वाचून, ऱ्हस्वदीर्घ बघून, पुढं सोडलेत. तेव्हा मला ते खटकलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्याच मथळ्यांखालच्या मजकुरात सर्वनामं पाहा. "त्यांनी आरोप फेटाळले. तिनं केलेले आरोप खोटे असल्याचं त्यांनी सांगितलं." मराठीत आदर क्रियापदापर्यंत पोचतो, म्हणून आपल्याकडे हा पक्षपात एका वाक्यात उघडा पडतो. दोघांनाही 'त्या' आणि 'ते' म्हण, किंवा दोघांनाही एकेरी. एकाला पाट आणि एकीला जमीन, असं नको.

'विनयभंग'वरही थोडं. दंड विधानाच्या ३५४ व्या कलमाचा हा शब्द, नव्या संहितेत ७४. कलम तेच लागलं असेल तर शब्द तोच लिहावा लागेल. पण त्यात मोडलेली वस्तू म्हणून बाईचा 'विनय' पुढं येतो, मोडणारा हात मागं राहतो. २०१३ मध्ये कायद्यात आलेला 'लैंगिक छळ' मला म्हणूनच जास्त सरळ वाटतो.

आणि 'अब्रू'. हा शब्द लिहिताना जपून. फारसीत 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. जुन्या मराठीत बाईची अब्रू 'लुटली' जाई. लुटलेलं परत येत नाही, म्हणून घरचे म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. पुरुषाच्या अब्रूचं मात्र 'नुकसान' होतं, आणि नुकसानीचा दावा करता येतो: अब्रुनुकसानी. शब्द एक, हिशेब दोन. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'मी टू'च्या लाटेत, म्हणजे बायका आपल्यावरच्या लैंगिक छळाबद्दल उघड बोलू लागल्या तेव्हा, पत्रकार प्रिया रमाणी यांनी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि माजी संपादक एम. जे. अकबर यांच्यावर छळाचा आरोप केला, आणि अकबर यांनी त्यांच्यावर असाच फौजदारी दावा लावला. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टानं रमाणींना निर्दोष सोडलं. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन कुणाचा लौकिक राखता येणार नाही, आणि आपलं गाऱ्हाणं ती हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीही मांडू शकते, असा त्या निकालाचा आशय होता. पुढं अपील झालं. पण "इतकी वर्षं गप्प का बसली?" हा प्रश्न विचारणाऱ्यानं तो निकाल एकदा वाचावा. मराठीत तर आपण अन्यायाला 'वाचा फोडतो' म्हणतो. जी वाचा फोडावी लागते, ती आधी बंद होती हे त्या शब्दातच आलं.

तर तुझ्या बातमीचा मथळा असा कर: "सहकलाकार महिलेची नटाविरुद्ध लैंगिक छळाची फिर्याद". खाली लिही: "नटानं सेटवर आपला छळ केला, असं त्यांनी फिर्यादीत म्हटलं आहे. नटानं आरोप नाकारले आहेत". आणि शेवटच्या वाक्यात 'आहेत' बहुवचनी आहे ते आरोपांमुळे, नटाच्या मानासाठी नाही; मैत्रिणीनं विचारलं तर तिला तेवढं समजावून सांग.