वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे. ऑक्सिजन दाखवणारं स्मार्टवॉच घेऊन देऊ का?

हौस म्हणून जरूर घ्या, पण आजारपणातले निर्णय त्याच्या भरवशावर घेऊ नका. त्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटरच हवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दमेकरी आणि सीओपीडीच्या पेशंटकडून चालण्याचे व्यायाम करून घेते, म्हणून ठामपणे सांगते.

दोन्हींचं तत्त्व एकच. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश रक्तात किती शोषला जातो, त्यावरून ऑक्सिजनचं प्रमाण काढायचं. बोटाच्या चिमट्यात हा प्रकाश आरपार जातो. मनगटातून तो तसा जात नाही, त्यामुळे घड्याळाला त्वचेखालून परत येणाऱ्या क्षीण प्रकाशावर भागवावं लागतं. पट्टा सैल असला, हात गार पडला किंवा हलला की आकडा चुकतो, नाहीतर येतच नाही.

खरी गोम इथेच आहे. फुफ्फुसाच्या जुनाट आजारात बसल्या जागी ऑक्सिजन पुष्कळदा ठीक असतो, चालताना उतरतो. माझ्याकडे आयएलडी, म्हणजे फुफ्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार असलेल्या एक काकू येतात. खुर्चीत बसल्यावर ऑक्सिजन ९५ टक्के. कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या झाल्या की बोटावर ८४, बोलताना वाक्य तुटायला लागतं, आणि मनगटावरचं घड्याळ मात्र चालण्याआधीचा ९५ च दाखवत असतं! ज्या वेळी आकडा हवा, नेमका त्याच वेळी तो मिळत नाही.

म्हणून घरी असं करा. वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. बोटावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. आकडा स्थिरावू द्या, आणि यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का तेही बघा. मग डॉक्टरांची परवानगी असेल तर नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चालू द्या. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघर केली तीच ही चाचणी. कुणीतरी सोबत हवं, खुर्ची जवळ हवी, दम लागला की लगेच बसवायचं. थांबल्यावर चिमटा पटकन काढू नका. बोटापर्यंत बदल पोहोचायला वेळ लागतो, सगळ्यात खालचा आकडा बऱ्याचदा थांबल्यानंतर दिसतो.

बोटावरचं यंत्रही अचूक नसतं, दोन-चार टक्के इकडे-तिकडे होतं. गडद त्वचेवर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळली. आपल्यालाही हे लक्षात ठेवायला हवं. आकडा चांगला आहे पण वडिलांना धाप लागली आहे, तर धाप खरी माना.

आणखी एक, आणि हे फार कळकळीने सांगते. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) असेल तर ९८ दिसावं म्हणून ऑक्सिजनचा फ्लो वाढवू नका. सीओपीडीत दम वाढल्यावर ऑक्सिजन देताना डॉक्टर साधारण ८८ ते ९२ वर ठेवतात, कारण काही पेशंटमध्ये जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो ना घड्याळात दिसतो ना ऑक्सिमीटरमध्ये. वडिलांसाठी नेमका किती आकडा योग्य, कितीच्या खाली गेल्यावर फोन करायचा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून फाइलवर लिहूनच घ्या. ते एकाएकी सुस्तावले, असंबद्ध बोलू लागले किंवा ओठ निळसर पडले, तर आकडा बघत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.