सातव्या महिन्यात रात्री छातीत फार जळजळ होते, घरचे गोळी नको म्हणतात. दूध पिऊन सहन करावं का?

अजिबात सहन करत बसू नका. डॉक्टरांना विचारा, गरोदरपणात चालणारं अँटासिड लिहून घ्या आणि झोपा. खरं तर उत्तर एवढंच आहे, पण "घरचे गोळी नको म्हणतात" हे वाचलं आणि मला माझ्या नणंदबाई आठवल्या, त्यामुळे आता जरा लांबणार.

माझे शेवटचे तीन महिने छातीत नुसती आग होती. पाणी प्यायलं तरी जळजळ, चप्पल घालायला वाकलं तरी आंबट पाणी घशाशी. डॉक्टरांनी अँटासिडचं पातळ औषध दिलेलं, जेवणानंतर आणि झोपताना. नणंदबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या, त्यांनी बाटली बघितली आणि सुरूच झाल्या. म्हणे जळजळ होते म्हणजे बाळाला जावळ येतंय, चांगलं लक्षण आहे, औषध घेतलंस तर केस विरळ येतील. बरं बोलून थांबल्या असत्या तर ठीक, बाटली उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, एवढं पोट घेऊन माझा हात तिथे पोचणार कसा? वर सल्ला, फारच होत असेल तर चमचाभर खायचा सोडा पाण्यात घे, घरगुती आहे. आणि नेमका तोच गरोदरपणात टाळायचा असतो! त्यात सोडियम भरपूर, अंगात पाणी साठतं, सूज वाढू शकते, जास्त घेतला तर रक्तातलं आम्लाचं संतुलन बिघडतं. रात्री नवऱ्याला उठवून बाटली काढून घेतली तर तो म्हणतो, अगं ताई काळजीपोटीच बोलते. काळजी! त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम, ती चालते.

पुढे मुलगी झाली ती जवळजवळ टकली. झालं. अजूनही चार माणसांत भेटल्या की म्हणतात, "तरी मी सांगत होते."

आता गंमत अशी की केसांचं ते अगदीच थोतांड नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ गरोदर बायकांचा अभ्यास केला, २००६ मध्ये छापून आला, आणि जळजळ जास्त असणाऱ्यांच्या बाळांना केसही साधारणपणे जास्त निघाले. ते स्वतः हे थोतांड आहे असं दाखवायला निघाले होते. त्यांचा अंदाज असा की हॉर्मोन्समुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, म्हणून ॲसिड वर येतं, आणि बाळाच्या केसांच्या वाढीतही त्याच हॉर्मोन्सचा हात असावा. ठीक आहे, मानलं. पण अँटासिड पोटात आधीच तयार झालेलं ॲसिड मारतं, हॉर्मोन्सना हातही लावत नाही, मग केस विरळ कसे करेल? पाऊस आला की छत्र्या उघडतात आणि रस्ताही भिजतो, म्हणून छत्री मिटली की रस्ता कोरडा होतो का? हे मी नणंदबाईंना दोनदा समजावलंय, त्या विषय बदलतात.

बाकी नेहमीचं तुम्हाला माहीत असेलच, थोडं थोडं खा, तळकट कमी. मला खरा फरक पडला तो रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरकल्याने आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्याने, सहा-आठ इंच उंच. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने कमरेत वाकायला होतं आणि पोटावर उलट दाब येतो. नवरा रोज सकाळी पायथ्याशी घसरलेला सापडायचा, त्याला इलाज नाही. झोपायचं डाव्या कुशीवर.

एक मात्र आहे, अँटासिड मनानेच आणून सुरू करू नका, सगळीच चालतात असं नाही, फसफसणाऱ्या पावडरींमध्ये बऱ्याचदा तोच सोडा असतो. आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. अँटासिडने भागलं नाही तर डॉक्टर दुसरी गोळी देतात, गरोदरपणात चालणाऱ्या त्याही आहेत.

आणि हो, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. बरगडीच्या खाली, विशेषतः उजवीकडे दुखत असेल, सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकल्यासारखं होत असेल, चेहरा-हात अचानक सुजले असतील तर ती ॲसिडिटी समजून घरी थांबू नका, ब्लडप्रेशरचा प्रकार असू शकतो, त्याच रात्री दवाखाना गाठा. उलटीत रक्त दिसलं तरी तसंच.

दुधाचं राहिलंच. घोटभर थंड दुधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण पेलाभर सायीचं दूध पिऊन लगेच आडवं झालात तर तासाभराने परत उठून बसाल.