आपल्या घरचा खेळ कुठला?

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सॉकर कॅम्पवर फोन काढून घेतात, त्यामुळे यंदा मला तुला पत्र लिहायला मिळतंय. तुझं पत्र काल आलं. रविवारच्या मराठी शाळेत गिरवलेल्या अक्षरांत तू दोन पानं लिहिलीस. आईने ती दोनदा वाचली आणि फ्रीजवर लावून टाकली. मी मात्र त्यातल्या एका प्रश्नापाशी अडकलो.

पहिल्या रात्री कोचने सगळ्यांना गोल बसवून विचारलं, तुमच्या घरची माणसं कुठला खेळ खेळतात? मेक्सिकोच्या मुलीने सांगितलं, आजोबा, बाबा, दोन्ही मामा, सगळे सॉकर. घानाच्या मुलीचंही तेच उत्तर. तू म्हणालीस, 'क्रिकेट. पण मी नाही खेळत.' आणि मग मला लिहिलंस: 'बाबा, सगळ्या जगाला सॉकर आवडतो, मग मराठी लोकांना का नाही? आपला खेळ नक्की कुठला?'

चिऊ, तुझे आबा फुटबॉल खेळायचे. कोल्हापुरात, पेठेच्या संघातून, डाव्या बाजूला. हे मी तुला इतक्या वर्षांत सांगितलं नाही, याचं मला काल रात्री फार वाईट वाटलं. तू शनिवारी सकाळी मैदानावर धावायचीस, मी कडेला खुर्ची टाकून बघायचो, आणि मला आपलं घरचं ग्राउंड आठवायचं. पण ते बोलायचं राहून गेलं. आता बोलतो.

कोल्हापुरात सॉकर हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे फुटबॉलच म्हणतात. गावात पेठा आहेत, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा, आणि पेठेत तालमी. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, तांबड्या मातीचा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला इतका आधार दिला की तालीम नाही अशी गल्ली शोधावी लागायची. तालीम हे नुसतं जोर-बैठका मारायचं ठिकाण नव्हतं. तिथे पोरं संध्याकाळी बसायची, तिथला गणपती, तिथली जयंती, कुणाच्या घरी अडचण आली तर पहिली हाक तालमीला. फुटबॉल गावात आला तेव्हा त्याला वेगळं घर बांधावं लागलं नाही. तालमींनीच संघ काढले. म्हणून आजही संघांची नावं ऐक: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या आखाड्याचं नाव पाठीवर घेऊन पोरं फुटबॉल खेळतात! जगात दुसरीकडे असं कुठे असेल तर मला तरी माहीत नाही.

सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर. आपल्या पेठेचा सामना असला की दुपारपासून गल्लीत दुसरा विषय नसायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना आबा मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचे. गॅलरीत एका बाजूला आपली पेठ, समोर दुसरी. हलगी, शिट्ट्या, आणि मैदानावरच्या प्रत्येक पोराचं टोपणनाव सगळ्यांना पाठ. तो दूधवाल्याचा, तो शाळेतल्या शिपाईमामांचा. गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस मला खांद्यावर उचलायचा. आणि वर्ल्ड कप आला की पेठाच्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जायच्या. भिंतभर पोस्टर, चौकात झेंडे. 2022 ला मेस्सीने कप उचलला तेव्हा आपल्या गल्लीतून मला पहाटेपर्यंत फोन येत होते, ते तुला आठवत असेल.

सगळंच चांगलं होतं असं नाही. ईर्ष्या वाढली की दोन पेठांत दगड चालले, सामने थांबले, हेही मी पाहिलंय, आणि ते मला आजही लागतं. आणि माझ्या लहानपणी त्या गॅलरीत मुली जवळजवळ नसायच्या. तुझी आत्या माझ्यापेक्षा जोरात पळायची, पण ती घरी थांबायची. हे चुकीचं होतं. आता बदललंय. कोल्हापूर शहराचा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्येही खेळून आला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. सगळ्या जगाला हाच खेळ का?

लोक सांगतात, सोपा आहे, स्वस्त आहे, एक चेंडू असला की झालं. मला हे कारण पटत नाही. कारण कबड्डीला चेंडूसुद्धा लागत नाही! चुन्याने चार रेघा ओढा, सात-सात गडी उभे करा, सुरू. खो-खोला दोन खांब पुरतात. स्वस्त असण्यानेच खेळ जगभर जात असता तर आज मेक्सिकोच्या मुलीचे आजोबा हुतूतू खेळले असते.

मला वाटतं, खेळात एक गोष्ट असते आणि खेळाबाहेर एक. खेळातली गोष्ट आधी सांगतो. माणसाचा सगळ्यात हुशार अवयव म्हणजे हात. बास्केटबॉल, बेसबॉल, तुमच्याकडचा हेल्मेटवाला फुटबॉल, सगळीकडे चेंडू हातात येतो आणि हातात आला की तो तुझा. फुटबॉलने गोलकीपर सोडून सगळ्यांचा हातच काढून घेतला. चेंडू पायाशी असतो, पण तो कधीच पुरता तुझा नसतो. कुणीही येऊन हिसकावू शकतो. म्हणून गोल कमी होतात. बास्केटबॉलमध्ये शंभरावर गुण सहज होतात, एक बास्केट हुकली तर कुणी रडत नाही. इथे 90 मिनिटांत कधी एकच गोल, कधी तोही नाही. इतकी वाट पाहायला लावून मिळालेली गोष्ट माणूस जन्मभर विसरत नाही. शिवाय गोल कमी, म्हणून दुबळ्या संघालाही आशा. 2022 मध्ये सौदी अरेबियाने पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला 2-1 ने हरवलं, आणि तीच अर्जेंटिना पुढे विश्वविजेती झाली. मेस्सीची उंची 170 सेंटिमीटर. आपल्या गल्लीतल्या दादाएवढी. बास्केटबॉलच्या रिंगखाली त्याला कुणी उभं केलं नसतं.

आता खेळाबाहेरची गोष्ट, आणि माझ्या मते तीच मोठी. खेळ ज्या गावात येतो तिथे त्याला कुणी आपल्या घरात घेतं का, यावर सगळं ठरतं. इंग्लंडमध्ये 1863 साली या खेळाचे नियम लिहिले गेले, पण त्याला सांभाळलं कारखान्यांनी आणि चर्चनी. मँचेस्टर युनायटेड सुरू झाला तो रेल्वेच्या कामगारांचा संघ म्हणून, आर्सेनल तोफखान्याच्या कारखान्यातल्या कामगारांचा, एव्हर्टन एका चर्चच्या पोरांचा. आपल्याकडे गोव्यात गावोगावच्या संघांनी त्याला असाच आपला केला, म्हणून तिथल्या लोकांच्या जिभेवर क्रिकेटआधी फुटबॉल येतो. कोल्हापुरात त्याला तालमीने घरात घेतलं. तुझ्या अमेरिकेत शाळा आणि कॉलेजांनी आपले खेळ आधीच निवडले होते, म्हणून सॉकर इथे उशिरा आला. आला तो मुलींनी आणला असं म्हटलं तरी चालेल. 1972 च्या कायद्याने शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळांनाही संधी द्यावीच लागली, आणि 1999 मध्ये पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये महिलांची अंतिम लढत बघायला 90,185 माणसं होती. तू ज्या मैदानावर पळतेस ते त्या मुलींनी मोकळं करून ठेवलंय.

मग मराठी माणसांनी क्रिकेट का धरलं? तेही याच कारणाने. मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान अशा एकेका समाजाच्या जिमखान्यांनी क्रिकेटला घर दिलं आणि साहेबांच्या संघाला हरवणं हा मानाचा प्रश्न झाला. तुला एका माणसाचं नाव सांगतो, ते लक्षात ठेव. पळवणकर बाळू. चांभार समाजात जन्मलेला डावखुरा गोलंदाज. पुण्याच्या मैदानावर त्याची गोलंदाजी संघाला हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. 1911 च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला गेला, आणि त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्याच उन्हाळ्यात, 29 जुलैला, कोलकात्यात मोहन बागान या बंगाली फुटबॉल संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी! एकाच उन्हाळ्यात दोन खेळ, दोन शहरं. बंगाल्यांनी फुटबॉलला उराशी धरलं, मुंबईने क्रिकेटला. ज्या खेळात ताठ मानेने उभं राहता आलं, तो खेळ त्यांचा झाला. हे मला नेहमी हलवून सोडतं.

आणि कबड्डी, खो-खो? हे खेळ मातीत होतेच, पण त्यांना नियमांची चौकट महाराष्ट्रात मिळाली. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. कबड्डीला मुंबईत गिरणगावाने वाढवलं. लालबाग-परळच्या चाळीतली पोरं गिरणीची पाळी संपवून रात्री दिव्याखाली खेळायची. कबड्डीत चेंडू नाही म्हणालो ना, त्याचं कारण असं की चेंडूच्या जागी माणूसच आहे. चढाई करणारा एकटा समोरच्या अंगणात शिरतो, तोंडाने 'कबड्डी कबड्डी', दम मोडायचा नाही, हात लावायचा आणि आपल्या रेषेला परत यायचं. सात जण त्याला पकडायला टपलेले. आपला गडी बाद झाला तरी खेळ संपत नाही. तिकडचा एक मारला की इकडचा एक जिवंत होऊन परत येतो. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला गडी परत येत नाही. मला तर कबड्डीचा हा नियम फार आवडतो.

हे खेळही आता प्रवासाला निघालेत. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 ने हरवलं. इराणच्या त्या मुलींना शिकवणाऱ्या बाई नाशिकच्या, शैलजा जैन. त्या दिवशी मला हरल्याचं दुःख झालं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, तो भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनी जिंकला. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर. दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. आत्याने तो सामना बघितला आणि रात्री मला फोन केला. तीही शाळेत खो-खो खेळायची, कारण मुलींना मैदानावर पळायला परवानगी असलेला तोच खेळ होता. ती फोनवर फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, 'पोरींनी काय सूर मारले रे खांबावर.'

तर कोचने पुन्हा विचारलं तर काय सांगशील? आबा फुटबॉल, आत्या खो-खो, शेजारचे काका कबड्डी, आणि बाबा चौकात टेनिस बॉलचं क्रिकेट. हे सगळे आपलेच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, हेही सांग. घानाच्या मुलीला विचार, तिच्या आजोबांचा संघ कुठल्या वस्तीचा होता, त्याचं नाव कसं पडलं. ती जे सांगेल ते मला लिही. मला खरंच ऐकायचंय.

तुझं पत्र मी आबांना फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, 'पोरगी कुठल्या जागेवर खेळते?' मी म्हटलं, डावीकडून, आणि पायही डावाच चालतो तिचा. तर म्हणाले, 'डाव्या पायाचं पोरगं पेठेला सहजासहजी मिळत नाही. डिसेंबरात येशील तेव्हा तिचे बूट घेऊन ये, सकाळी मी तिला ग्राउंडवर नेतो.'

आईने बूट साफ करून आत्ताच बॅगेत टाकून ठेवलेत. शनिवारी तुला न्यायला दोघंही येतो. मोजे वाळवून आण.

तुझा,
बाबा