काखेत मोजलं, एक मिळवायचा का?

सासूबाई काखेत थर्मामीटर लावतात आणि आलेल्या आकड्यात एक मिळवून डॉक्टरांना सांगतात. बरोबर आहे का? (कोथरूड)

मिळवू नका. काखेत जिभेखालच्यापेक्षा अर्धा-एक डिग्री कमी भरतं हे खरं, पण फरक प्रत्येकाचा सारखा नसतो. घाम पुसा, टोक काखेच्या खळग्यात जाऊ द्या, दंड अंगाशी घट्ट धरा आणि 'काखेत 99.4, संध्याकाळी सहा' असं लिहून आणा. वहीत मी आधी वेळ बघतो. धडधाकट माणसाचंही तापमान पहाटे सर्वांत कमी आणि चार-पाचच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. फरक एक डिग्रीच्या आसपास जातो. आपल्या डोक्यात बसलेला 98.6 हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांच्या 1868 च्या पुस्तकातला, आणि तोही काखेतल्या मोजणीचा! अमेरिकेत 1992 मध्ये निरोगी लोकांचं तोंडातलं तापमान मोजलं, तेव्हा सरासरी 98.2 निघाली. संध्याकाळच्या 98.9 ला गोळी देऊ नका.

एप्रिलमध्ये दुपारी स्कूटरवरून आलो, तर कपाळावरच्या गनने 100.8 दाखवलं. घरी 98.4. खरं काय? (हडपसर)

घरचं. गनने उन्हात तापलेली कातडी मोजली. पंधरा मिनिटं सावलीत बसून मोजा. मात्र उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर आकड्यासाठी थांबू नका. तो उष्माघात असू शकतो. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि 108 ला फोन करा.

मुलाला डेंगी झालाय. चौथ्या दिवशी ताप उतरला. शाळेत पाठवू? (सिंहगड रस्ता)

कृपा करून नको. दर पावसाळ्यात मला याचीच धास्ती असते. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि डेंगीत नेमके पुढचे 24 ते 48 तास जोखमीचे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब घसरतो. थर्मामीटर मात्र 98 दाखवतो. पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, सहा तास लघवी नाही, पोर मलूल: यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना गाठा. ताप पुन्हा चढला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नाही.

दोन महिन्यांच्या नातीला 100.6 आहे. घरीच पट्ट्या ठेवू? (धनकवडी)

नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा वर म्हणजे तडक बालरोगतज्ज्ञ, रात्रीचे दोन वाजले असले तरी.