आधारचा हॅश ब्लॉकचेनच्या साखळीवर नको

वापरकर्त्यांचं वय ब्लॉकचेनच्या मदतीने तपासायचा तुमचा आराखडा वाचला. त्यासाठी आधार क्रमांकाचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, ब्लॉकचेनवर ठेवायचा, हा भाग आधी काढा. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण आधार बाराच अंकी. पहिला अंक 0 किंवा 1 नसतो, शेवटचा पडताळणीचा, म्हणजे बाकीच्या अंकांवरून ठरणारा. उरल्या 8,000 कोटी शक्यता. एसएचए-256 ही हॅश काढायची नेहमीची पद्धत साधीच वापरली असेल तर चांगलं ग्राफिक्स कार्ड तेवढ्या सगळ्या मिनिटाच्या आत तपासून मूळ क्रमांक शोधतं. शिवाय साखळीवर गेलेलं पुसता येत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने दिलेला माहिती खोडून घेण्याचा हक्क मग पाळणार कसा?

त्याऐवजी एखाद्या संस्थेने वयाचा डिजिटल दाखला द्यावा. साखळीवर त्या संस्थेची पब्लिक की (तिची सही तपासायची जाहीर किल्ली) आणि रद्द दाखल्यांची यादी, एवढंच ठेवा. दाखला वापरकर्त्याच्या फोनमध्येच राहू द्या. त्याने ‘18 पूर्ण’ एवढंच सिद्ध करावं, जन्मतारीख न सांगता. झिरो-नॉलेज प्रूफची ही कल्पना 1985 पासूनची, गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ या संगणकशास्त्रज्ञांची.

नवशिके हमखास विसरतात ते असं: एकच डीआयडी (वापरकर्त्याचा विकेंद्रित ओळख-क्रमांक) सगळीकडे वापरला तर नाव लपवूनही माणसाचा माग लागतो. प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळा द्या. नेहमीची डिजिटल सही प्रत्येक ठिकाणी तीच दिसते, त्यावरूनही माग लागतो. म्हणून बीबीएस सह्यांचा अभ्यास करा; त्यांचा पुरावा दर वेळी वेगळा दिसतो. आणि रद्द झालेल्यांची यादी पूर्ण उतरवून घ्या. एकेक दाखला संस्थेला विचारत बसलात तर कोण कुठे लॉगिन करतंय हे तिला कळतं.

दाखले देणारी संस्था एकच असेल, तर मला विचाराल तर ब्लॉकचेन नकोच. तिची पब्लिक की तिच्याच वेबसाइटवर ठेवली तरी काम भागतं.