सुरुवातीला एकच स्टेशन

वाचकांचे प्रश्न, समुपदेशक गटाची उत्तरं. विनंतीनुसार नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, समलिंगी. ठाण्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. शाळेत मुलं घेरून ‘बायल्या’ म्हणायची, एकदा जिन्यात मारलंही. आज मला कोणी छळत नाही. बहिणीला आणि ऑफिसातल्या दोघांना माझ्याबद्दल माहीत आहे. तरी प्लॅटफॉर्मवर पोरांचा घोळका हसला की छाती धडधडते, हात गार पडतात. सहा महिने लोकल सोडून रिक्षाने जातोय. मी स्वतःला स्वीकारलंय, मग हे जात का नाही?

उत्तर : मनाने स्वीकारलं म्हणून अंगातली भीती लगेच उतरत नाही. ती मागे राहिली म्हणून तुमचं स्वीकारणं खोटंही ठरत नाही. घोळका, हसणं आणि मार यांची तेव्हा एकत्र गाठ बसली. आता नुसतं हसणं कानावर आलं तरी शरीर पुढच्या माराच्या तयारीला लागतं. रिक्षात बसल्यावर हायसं वाटतं, आणि तिथेच गाठ आणखी आवळते, कारण शरीर एवढंच शिकतं : टाळलं म्हणून वाचलो.

ती सैल करायची तर थोडं थोडं सामोरं जावं लागेल. रविवारी सकाळी, पास किंवा प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन, ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या, प्लॅटफॉर्मवर बाकावर बसा. लगेच गाडीत चढू नका. ठाणे ते पुढचं स्टेशन दिघा गाव हे अंतर इतकं कमी, की भीती उतरायच्या आधी स्टेशन येतं आणि तुम्ही ती तशीच घेऊन उतरता. भीतीला ० ते १० मध्ये आकडा द्या आणि दर पाच मिनिटांनी वहीत लिहा. बहुतेकांची भीती आधी चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरू लागते. निम्म्यावर आली की मगच उठा. बाकावर बसतानाच आकडा ३ च्या आसपास राहू लागेपर्यंत हेच करा. मग दिघा गावापर्यंत जाऊन परत, मग ऐरोली, मग कामाच्या दिवशी दुपारी, आणि सकाळची गर्दी सगळ्यात शेवटी.

बिघडतं ते बहुधा ऐन टोकाला उठून गेल्यामुळे. आकडा ८ असताना पळालात तर तो सराव टाळण्याचाच झाला. हेडफोन लावून मोबाइलमध्ये डोकं घातलं तरीही उपयोग नाही. घोळका शेजारी होता आणि काही झालं नाही, हे शरीराला कळायला हवं. चार मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, हे जरूर करा, पण बाकावर टिकून राहण्यापुरतं. आणि कोणी खरंच अंगावर आलं, शिवीगाळ केली, तर सराव तिथेच थांबवा, निघा, रेल्वेच्या १३९ वर कळवा. खरा धोका सोसत बसणं म्हणजे उपचार नव्हे.

मात्र तो जिना डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहत असेल, आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल, तर हे एकट्याने करू नका. आघातावर काम करणारे मानसोपचार साधारण ८ ते १६ बैठकांचे असतात. त्यातच हा सरावही बसवता येतो.

प्रश्न : वय २७, कोपरखैरणे. विशीत असताना घरच्यांनी एका डॉक्टरकडे नेलं. मुली आवडायला लागाव्यात म्हणून अनेक महिने गोळ्या आणि ‘ट्रीटमेंट’ चालली. आता झोप उडाली आहे, पण दवाखान्याची पायरी चढवत नाही. भरवशाचा माणूस ओळखायचा कसा?

उत्तर : तुम्हाला जे दिलं गेलं तो उपचार नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे’ प्रयोग हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. आज ताकद नसेल तर निदान जुने कागद, पावत्या एका पाकिटात जपून ठेवा.

नव्या माणसाला आधी फोनवर विचारा : ‘समलिंगी असणं बदलता येतं असं तुम्ही मानता का?’ उत्तर स्पष्ट ‘नाही’ हवं. ‘तुमची इच्छा असेल तर बघू’ किंवा ‘आधी आईवडिलांना घेऊन या’ असं आलं तर फोन ठेवून द्या. नंतर विचारा, आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण कुठे घेतलं? माझी माहिती घरच्यांना देणार का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकू नका. पुष्कळ जण एका तासात सगळं ओततात, रात्रभर थरथरतात आणि परत जात नाहीत. पहिल्या दोन-तीन बैठका झोप, जेवण आणि आत्ताच्या त्रासापुरत्या ठेवा. नैराश्यविरोधी गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात.

पैशांची अडचण असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतून. ठाण्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवलं म्हणजे भरती झालात असं नाही. जीव नकोसा वाटला तर वाट पाहू नका. १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

प्रश्न : मुलाने सांगितलं की तो गे आहे. लहानपणी एका नातेवाइकाने त्याच्याशी गैरप्रकार केला होता, हेही तेव्हाच कळलं. त्यामुळेच तो असा झाला का? — एक आई, नेरूळ

उत्तर : नाही, ताई. अत्याचाराने कुणाचं आकर्षण ठरत नाही. असे अत्याचार झालेले असंख्य पुरुष समलिंगी नाहीत आणि असंख्य समलिंगी पुरुषांवर असं काही झालेलं नाही. हे दोन धागे वेगळे ठेवा. मुलगा गे आहे यावर इलाज करायचा नाही, आणि त्याच्यावर जे झालं ते झाकायचं नाही.

त्याला एवढंच म्हणा : ‘तुझी चूक नव्हती. मला तेव्हा कळलं नाही. तो माणूस आता आपल्या घरी येणार नाही.’ तिसरं वाक्य पाळता येणार असेल तरच बोला. गणपतीत तोच माणूस आरतीला उभा दिसला तर पहिली दोन्ही वाक्यं पुसली जातील. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’ हे विचारू नका. तपशील खोदू नका. समोरासमोर बसवण्यापेक्षा भाजी निवडताना, नाहीतर संध्याकाळी पाम बीच रस्त्याच्या बाजूला शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, कारण नजर चुकवायला जागा असते.